लीजच्या अर्जाला हरकत

६ जानेवारी २०२५, सोमवार

जाहीर नोटीस छापून आली एकदाची! पान नऊ, हरवलेल्या मार्कशीटच्या खाली. बाबांच्या नावावरच्या फ्लॅटची तीस वर्षांची लीज संपली. पुढची तीस वर्षं ती मुलगी प्राजक्ता पांढरीपांडे हिच्या नावावर वाढवायची आहे, आई वसुधा आणि भाऊ अभिजीत यांनी आपापला हिस्सा सोडला आहे, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावं.

हरकत कोण घेणार? बाथरूममधली पाल?

एकावन्न वर्षांची बाई मी. ना नवरा, ना पेन्शन. दर रविवारी कॉलममधून अख्ख्या शहराची सालटी काढते, पण स्वतःच्या छपराचा कागद नाही. हा झाला की मरेपर्यंत कुणी ‘ऊठ’ म्हणणार नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. आईने तिळगूळ दिला, ‘गोड बोल’ म्हणाली नाही. गुडघे दुखत असणार.

२० जानेवारी, सोमवार

हरकत आली! लीज ऑफिसातल्या दिलीपबाबूंचा फोन — “मैडम, आपत्ति लगी है। घर का ही मामला है, आकर देख लीजिए।” नाव सांगायला तयार नाहीत.

घरचं म्हणजे अभिजीत. पुण्यात दोन फ्लॅट असून पोट भरलं नाही! लगेच फोन लावला.

“ताई, मी येऊन सही करून गेलो, विसरलीस? तुझ्या त्या भिकार फ्लॅटवर माझी कसली हरकत?”

“भिकार?”

“बरं, ऐतिहासिक.”

मग मी त्याला बरंच बोलले. इथे लिहीत नाही. चांगली वाक्यं होती, कॉलमला उपयोगी पडतील.

२१ जानेवारी

आईने!

माझ्या आईने!

ऑफिसात जाऊन पाहिलं, तर दिलीपबाबू उलट कौतुकाने सांगतात, “माताजी ख़ुद आई थीं। तीन मंज़िल चढ़ के। हमने चाय पिलाई।” गुडघ्यांना जपायचं म्हणून मी जिला बिट्टन मार्केटच्या हाटात भाजी घ्यायलाही नेत नाही, ती बाई तीन मजले चढली — माझ्याविरुद्ध! मला सांगितलं होतं, भजनाला जाते.

चौदा वर्षं. नागपूरची नोकरी सोडून आले हिच्यासाठी. हिची इंजेक्शनं, हिचं पथ्य, हिची रुसलेली कामवाली, सगळं मी. शत्रूने केलं असतं तर निदान लेख झाला असता.

२२ जानेवारी

विचारलं शेवटी. मेथी निवडत होती.

“मी हिस्सा कधी सोडला, प्राजू? मला पेपरात वाचून कळलं.”

“तुझी सही आहे.”

“मी केली?”

मी केली. तिच्या सगळ्या सह्या मीच करते — गॅस, कुरियर, बँक. हात कापतो तिचा. दहा वर्षांत एकदा तक्रार नाही!

“विचारायचं तरी.”

“काय म्हणाली असतीस?”

“नाही म्हटलं असतं. म्हणून तर विचारायचं.”

मग देठं गोळा करत म्हणाली, “तीस वर्षं यांच्या नावावर. पुढची तीस तुझ्या. माझी पाळी कधी गं?”

अठ्ठ्याहत्तर वय. तीस वर्षांची लीज पाहिजे! आणि तिच्यामागे अर्धा वाटा अभिजीतचा. म्हणजे साठीत मी पिशव्या भरायच्या. तसं म्हटलं तिला.

“अभिजीत तुला बाहेर काढेल होय?”

“तू काढतेच आहेस की.”

मेथी तशीच पडून राहिली.

२५ जानेवारी

बोलणं बंद. वाढणं चालू. आमटीत मीठ जास्त — मुद्दाम की चुकून, विचारायची सोय नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

उद्या सुनावणी. आईला जाता येणार नाही. त्या तीन मजल्यांनी गुडघे सुजवलेत.

आज आपणहून बोलली. “तू जा. सही माझी नव्हती एवढं सांग. मी रागावले नाहीये. दोघींच्या नावावर करा म्हणावं.”

दोघींच्या! म्हणजे पुढे माझ्या आणि अभिजीतच्या. समजतं मला.

“सांगशील ना?” किती विश्वासाने बघत होती! त्याचाच जास्त राग आला.

३ फेब्रुवारी

साहेबांनी दोन कागद शेजारी ठेवले. हिस्सा सोडल्याच्या संमतीपत्रावरची सही बँकेतल्या नमुन्याशी तंतोतंत जुळते. जुळणारच, तो नमुनाही माझ्याच हातचा. हरकतीवरची सही कशाशीच जुळत नाही.

“माताजी की कौन-सी है?”

मी संमतीपत्रावर बोट ठेवलं.

दिलीपबाबू चुळबुळले — “पर सर, माताजी तो ख़ुद...”

“उमर हो गई है उनकी,” मी म्हटलं. “भूल जाती हैं।”

हरकत फेटाळली. लीज मंजूर.

घरी आले तर आईने भिंत धरत धरत शिरा केलेला. “सांगितलंस ना?”

“हो.”

दोनदा वाढून घेतला.