साडेपाच किलो

१ नोव्हेंबर
दवाखान्यातल्या नोकरीचा शेवटचा महिना. सिस्टर म्हणाली, कपाट आवरायला घ्या. घेतलं. खालच्या कप्प्यात पहिल्या वर्षाच्या वह्या — पानंच्या पानं पेशंटांच्या आहाराचे तक्ते. किती टापटीप अक्षर होतं माझं! आणि किती कमी कळत होतं.

४ नोव्हेंबर
नवे पेशंट — बसचालक, वय बावन्न, वजन एकशे अठरा. डॉक्टरांनी पाठवलेले. टेकायच्या आधीच म्हणाले, "गोड बंद, तळलेलं बंद. माहितीये. लिहून द्या, जातो."
"काही बंद करणार नाही. दिवस कसा जातो तेवढं सांगा."
मग बोलले. पहाटेची पाळी. दुपारी स्टिअरिंगवरच डबा, पाच मिनिटांत. घरी कुणी नाही — बायको दोन वर्षांपूर्वी गेली. संध्याकाळी टीव्हीसमोर पुडे फोडायचे. "जेवतो असं नाही ताई, नुसतं तोंड चालू असतं."
एकच ठरवलं. डबा खाली उतरून, बाकावर बसून खायचा. बस्स.

५ नोव्हेंबर
ही पद्धत आमच्या जुन्या डॉक्टरीणबाईंची. मला नोकरीला लागून आठवडा झाला होता. इस्त्रीवाल्या बाईंना तक्ता वाचून दाखवत होते, डॉक्टरीणबाई दारात उभ्या. नंतर म्हणाल्या, "तू वीस मिनिटं बोललीस. त्या किती बोलल्या?" घरी जाऊन रडले होते.
पुढे त्याच बाई तेरा किलो उतरल्या. जुनं पोलकं घालून दाखवायला आल्या, अख्खा दवाखाना गोळा झाला. तेव्हा या खोलीला हिरवा रंग होता. खिडकीतून शाळेची घंटा ऐकू यायची. शाळाही गेली आता.

११ नोव्हेंबर
बसवाले दोन किलो कमी. ते खूश, मीही. जाताना म्हणाले, "तुम्ही महिनाअखेर चाललात ना? सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या."

१८ नोव्हेंबर
आणखी साडेतीन! सिस्टरने टाळ्या वाजवल्या. मी आकडा पुन्हा तपासला. नुसतं बाकावर बसून एवढं उतरत नाही. डॉक्टरीणबाई सांगायच्या, वजन आपोआप उतरायला लागलं तर हसू नकोस, तपास.
भूक? तहान? झोप? सगळ्याला एकच उत्तर — "मस्त." नजरेला नजर मात्र देईनात. हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. रक्त, छातीचा फोटो, सोनोग्राफी.

२१ नोव्हेंबर
रिपोर्ट नाहीत अजून. कशात लक्ष नाही.

२५ नोव्हेंबर
सगळे रिपोर्ट चांगले. जीव भांड्यात पडला. दार लावून त्यांना समोर बसवलं. म्हटलं, आता खरं सांगा.
म्हणाले, "तीन आठवडे चहावर आहे ताई. रात्री तेवढं चार घास. बायको गेल्यापासून कुणी माझं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. म्हटलं, जाताना तुम्हाला चांगला आकडा दाखवावा."
भरलेली बस, आणि हा माणूस उपाशी. रागवायला तोंड उघडलं, मिटलं. माझा डबा काढला, निम्मा त्यांना वाढला. सावकाश जेवलो दोघं.

२६ नोव्हेंबर
आज कुणालाच काट्यावर उभं केलं नाही. सिस्टरने कारण विचारलं. एकतीस वर्षांत मला खूश करायला किती जण उपाशी राहिले असतील, कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.