मोहाच्या दिवसांतली घंटा

गुरुजी, नव्या हेडमास्तरांनी आज दुपारी हापिसाच्या दाराला कागद चिकटवला. सोमवारपासून सकाळची शाळा, पहिली घंटा सात वाजता. मी अक्षर अक्षर लावून तो वाचला, झाडू भिंतीला टेकवला आणि तिथंच ओट्यावर बसले. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली असतील, आणि तोच कागद, त्याच दाराला, त्याच महिन्यात. मेलेल्या माणसाला टपाल जात नाही हे मला कळतं. पण उद्या मला त्या नव्या हेडमास्तरापुढं उभं राहून बोलायचं आहे, आणि त्याआधी तुमच्याशी एक गोष्ट निकालात काढायची आहे. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, ऱ्हस्व-दीर्घ मला विचारू नका. माझ्या पोरीनं हे पाहिलं तर ती लाल शाई घेऊन बसेल, म्हणून तिला दाखवणार नाही.

तुम्ही हेडमास्तर म्हणून आलात तेव्हा आपला चांदा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता, आणि अख्ख्या गावात घड्याळ म्हणावं असं एकच, आपल्या मिडल स्कूलच्या हापिसातलं. माझा नवरा शाळेत चपराशी होता. तो तापानं गेला आणि त्याच्या जागी मी लागले. झाडायचं, पाणी भरायचं, घंटा द्यायची. घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. सूर्य समोरच्या सागांच्या वर हातभर आला की मी त्यावर हातोडा घालायचे. तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गासमोर मला म्हणालात, "बाई, शाळा घड्याळावर चालते, सूर्यावर नाही." मी म्हटलं, "मले घड्याळ वाचता येत नाई." पोट्टे फिदीफिदी हसले. तुम्ही हसला नाहीत. मधल्या सुट्टीत धोतर सावरून तुम्ही अंगणात उकिडवे बसलात, बारा चिंचोके गोल मांडले, मधे एक लांब काडी ठेवली, एक आखूड. "ही आखूड आळशी आहे, ही लांब घाईची आहे," असं म्हणालात. मी म्हटलं, मग लांब काडी माझी. तीन दिवसांत मला घड्याळ आलं, आणि चौथ्या दिवशी तुम्ही त्याची चावी माझ्या हातात दिली. चुलीशी संबंध नसलेली अशी ती पहिलीच वस्तू, जी मला कोणी दिली. रोज सकाळी स्टुलावर चढून मी चावी द्यायचे आणि सातवीतली पोट्टी खालून ओरडायची, "मावशी, पडशीन वं." मी म्हणायचे, तुमची सातवी पडली नाही म्हणजे मिळवली.

ती सातवी खरंच पडायला आली होती. आधीच्या साली इन्स्पेक्टर साहेब मार्च-एप्रिलच्या दिवसांत आले होते आणि त्यांना वर्गात पोरांपेक्षा पाली जास्त दिसल्या. जाताना लिहून गेले, पुढच्या तपासणीलाही निम्मी पोरं गैरहजर असतील तर वरचे दोन वर्ग बंद करून सिंदेवाहीला नेऊ. सिंदेवाही म्हणजे मधे सगळं जंगल. पोरं कशीबशी गेलीही असती. माझी पोरगी सहावीत होती, ती गेली नसती. तिच्या मामानं तर सांगूनच ठेवलं होतं, शाळा हलली की पोरगी उजवायची. तुम्हाला वर्ग वाचवायचे होते, मला पोरगी वाचवायची होती. काम एकच होतं. तुम्ही घरोघर फिरलात, लोकांना हात जोडलेत, आणि मग मार्च लागल्यावर नियमाप्रमाणे तो कागद लावलात. सकाळची शाळा, सात वाजता.

तुमच्या गावाकडं ते बरोबर असेल. ऊन चढायच्या आत शिकवा आणि घरी सोडा. पण इथं मार्चमध्ये मोह गळतो, गुरुजी. पहाटेपासून फुलं पडतात, आणि साडेआठच्या आत वेचली नाहीत तर गुरं खातात, डुकरं खातात, हरणं खातात. घरटी दोन-चार झाडं ठरलेली. म्हातारे, लेकरं, सगळे टोपल्या घेऊन झाडाखाली. वर्षाचा अर्धा घास त्यात असतो. सकाळी सात वाजता मोहाखालून पोर उठवून शाळेत आणणं म्हणजे ताटावरून उठवणं. मी तुम्हाला सांगायला म्हणून हापिसाच्या दाराशी आले तेव्हा तुम्ही टाकानं काहीतरी लिहीत होतात. पुढं जे झालं ते गावाला माहीत आहे.

पहिल्या सोमवारी सातवीत चार पोरं होती. दुसऱ्या दिवशी बाकीची जरा वेळानं उगवली, बोटं चिकट, खिसे ओले, वर्गभर गोड आंबूस वास. तुम्ही एकेकाला विचारलंत, काल का आला नाहीस. जो तो म्हणाला, अस्वल होतं. तुम्ही चष्मा काढलात. "एकाच दिवशी अकरा मुलांना अस्वल भेटलं?" तेव्हा मागच्या बाकावरची ती लांब मानेची पोरगी उभी राहिली. "नाई गुरुजी, अस्वल एकच होतं. आमी अकरा होतो." तुम्ही तिला बाकावर उभं केलंत. पण ती खरं बोलत होती. अस्वल मोहाखाली येतंच, आणि ते खाऊन हलेपर्यंत पोरं लांब झाडावर बसून राहतात. तुम्ही मात्र सचोटीचे, जे कारण सांगितलं तेच हजेरीत लिहायचं असा तुमचा नियम. म्हणून हजेरीच्या वहीत तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात ओळीनं लिहिलेलं होतं, अस्वल, अस्वल, अस्वल.

आठवडा असा गेला. रोज सातला मी घंटा द्यायचे आणि ती ऐकून फक्त कावळे उडायचे. तुमचं तोंड उतरलेलं. तुम्ही पोरांना ओरडला नाहीत, मला म्हणालात, "बाई, यांना शिकायचंच नाही का?" मला असा राग आला. मग त्या संध्याकाळी हापिस झाडायला घेतलं तेव्हा मी स्टुलावर चढले, घड्याळाचं दार उघडलं आणि खालचा डुलता गोळा बोटानं थांबवला. सगळं हापिस झाडलं, कचरा भरला, परत चढले आणि गोळ्याला धक्का दिला. दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा. तुम्हीच शिकवलेल्या काड्या, तुम्हीच दिलेली चावी, आणि मी त्यानंच तुम्हाला फसवत होते. नऊ दिवसांत घड्याळ दीड तास मागं पडलं, आणि सातची घंटा साडेआठला व्हायला लागली. पोरं वेचून, टोपल्या घरी टाकून, तोंड धुऊन वर्गात.

तुम्हाला कळेल म्हणून मी रोज धास्तावलेली असायचे, पण तुम्ही घड्याळावर देवासारखा विश्वास टाकला होता. तुम्ही दुसऱ्या मास्तरांना म्हणालात, या जंगलात सूर्य फार लवकर वर येतो. ते मास्तर इथलेच, त्यांच्या घरची पाच झाडं होती मोहाची. ते म्हणाले, "हो ना, इकडं तसंच आहे," आणि फळा पुसायला लागले. तुम्हाला नाश्त्याआधीच भूक लागायची, तर तुम्ही म्हणालात इथलं पाणी पचायला चांगलं. चांद्याची मोटार दुपारी यायची, ती दीड तास आधी यायला लागली, तर तुम्ही सडकेवर जाऊन ड्रायव्हरचं कौतुक केलंत. तो मला नंतर विचारत होता, "तुमच्या मास्तरले ऊन लागलं काय वं बाई?" मी म्हटलं, तू मोटार हाक. ऊन खरं लागलं ते पोरांना. शाळा सुटायची ती भर दुपारी, माती तव्यासारखी, पाय अनवाणी. मी दाराशी पळसाची पानं आणि वाकाची दोरी घेऊन बसायचे आणि एकेकाच्या तळपायाला बांधून द्यायचे. माझ्या पोरीला सगळ्यांत शेवटी.

आणि मग एका सकाळी साहेबांची जीप आली. रात्री ते जंगलखात्याच्या बंगल्यावर उतरले होते, कोणाला पत्ता नव्हता. तुम्ही बनियनवर लिंबाखाली दाढी करत होतात, अर्ध्या गालाला साबण. साहेब खाली उतरले. "मास्तर, शाळा किती वाजता भरते?" तुम्ही म्हणालात, "सातला, साहेब. अजून अर्धा तास आहे." साहेबांनी मनगट पुढं केलं. आठ वाजले होते. शाळेत एक पोर नव्हतं. तुम्ही त्या घड्याळाकडं बघितलंत, मग हापिसात जाऊन आपल्या घड्याळाकडं बघितलंत, आणि मग दारातून माझ्याकडं. तो साबण तसाच होता. मी कोणाला विचारलं नाही. हातोडा उचलला आणि रुळावर घालत राहिले, हात भरून येईपर्यंत. वेचणं संपत आलंच होतं. आधी सागांमागून हाळ्या ऐकू आल्या, मग पोरं दिसली. घरी टोपल्या टाकायला वेळ नव्हता, तर टोपल्या डोक्यावरच, पळत. पाव तासात व्हरांड्यात टोपल्यांची रांग आणि वर्गात पोरांची. साहेबांनी वास घेतला. "शाळेत दारू गाळता की काय?" ती लांब मानेची म्हणाली, "साहेब, हे फुलं आहेत. दारू मोठे करतात. आमी भाकरीसंगं खातो." हजेरी झाली. एकच पोरगा गैरहजर होता, आणि त्याला खरंच कांजिण्या होत्या. मग साहेबांनी मागची पानं उलटली. "हे अस्वल काय आहे?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "एकच होतं साहेब."

साहेब हसले, पण घड्याळ विसरले नाहीत. "हे दीड तास मागं कसं? चावी कोण देतं?" मी पुढं झाले. माझं तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मीच देतो, साहेब. दुर्लक्ष झालं." तुम्ही त्या घड्याळाला कधी हात लावला नव्हता, तुमचा हातही पोचत नव्हता. साहेबांनी वहीत शेरा मारला, मुख्याध्यापक वेळेबाबत बेफिकीर. वर्ग राहिले. तो शेरा मात्र तुमच्या नावाला चिकटला, आणि तुमची बढती गेली ती गेलीच.

दुपारी पोरं गेल्यावर तुम्ही मला हापिसात बोलावलंत. मी भांडायच्या तयारीनंच आले. तुम्ही एवढंच म्हणालात, "बाई, तुम्ही मला सांगायचं होतं." मी म्हटलं, "सांगतलं होतं तुमाले. तुमी लिहित होते. तुमाले ऐकायचं नव्हतं." तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. मग म्हणालात, "माझं लक्ष नसेल. चुकलं माझं." चपराशीण बाईला हेडमास्तर असं म्हणतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ बरोबर लावलं आणि तुम्ही दाराचा कागद काढून दुसरा लावलात, मोह संपेपर्यंत पहिली घंटा साडेआठला. तुमच्यानंतर तीन हेडमास्तर आले. त्यांनी विचारलं तर मी म्हणायचे, इथं असंच असते, आणि ते चाललं. माझी पोरगी त्याच शाळेतून सातवी झाली, आता आलापल्लीकडं पोरांना शिकवते. हा नवा विचारणारा नाही, हुकूम काढणारा आहे. त्यानं सोमवारी सातला घंटा द्यायला सांगितली आहे.

घड्याळाला मी आता हात लावणार नाही. उद्या त्याच्या दारात उभी राहीन, आणि त्यानं मान वर करेपर्यंत हलणार नाही. झाडं, फुलं, अस्वल, सगळं एकदा तोंडानं सांगेन. ऐकलं नाही तर परवा पुन्हा सांगेन, आणि तेरवा गावाला घेऊन येईन. कारण मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, गुरुजी. दाराशी आले एवढं खरं. तुमचा टाक चालला होता, मी चौकटीला हात लावून उभी राहिले आणि मनात म्हटलं, हा तिकडचा माणूस, याला काय कळणार, आणि तशीच परत फिरले. एक शब्द बोलले नाही. तरी सांगतलं होतं म्हटलं, आणि तुम्ही ते खरं मानलंत. त्यानंतर दोन वर्षं, थंडीतापानं तुम्ही अंथरूण धरलं तोवर, मी दाराशी आले की तुम्ही वाक्य अर्धं सोडून टाक खाली ठेवायचात, चष्मा काढायचात आणि म्हणायचात, "बोला बाई."

आणि मी दर वेळी म्हणायचे, काही नाही गुरुजी, माठ भरला.