मेर फोडायचा कौल

८ जून
ट्रेमध्ये भाताच्या रोपांचा तरवा टाकला एकदाचा! कृषी ऑफिसची तन्वी सांगत होती, "काकी, मशीनने एका सकाळीत लावणी होईल. भातही जास्त येईल." अडचण एकच — माझा शेताचा कोपरा आणि भावोजींचा कोपरा, मध्ये मेर, म्हणजे वाडवडिलांचा बांध. एवढ्याशा जागेत मशीन वळत नाही. मेर फोडून दोन्ही एक केले तरच जमेल.

हाताने लावायला माणूस आहे कुठे? पूर्वी लावणीला यायची ती तुळसा आता तारकर्लीला लॉजवर चादरी धुते. गेल्या वर्षी एकटी वाकून वाकून मेले, तरी अर्धा कोपरा पडच राहिला. यंदा मशीन नाही तर शेती नाही. संपलं!

१० जून
हे गेल्यापासून दिराला विचारल्याशिवाय मी काही करत नाही. शंकरभावोजी मान खाली घालून ऐकत होते. "वैनी, वाडवडलांची मेर. देवाक इचारल्याशिवाय फोडूची नाय." तेही खरंच. गुरव देवाच्या अंगाला फुलं लावून कौल मागतो; उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं तर नाही. म्हटलं, "मगे बेगीन कौल घेवा!"

१५ जून
गुरवाकडे सुतक, भावोजी सांगून गेले. कौल बंद. तरवा काय कोणासाठी थांबतो!

२१ जून
डावं पडलं.

"देव नाय म्हणता, वैनी." सांगताना भावोजींचे डोळे भरले. मी घरात येऊन देवाला नको नको ते बोलले. तुला नव्याचा नैवेद्य कोण दाखवतं रे मेल्या? मग भीती वाटली, गालात मारून घेतलं.

तन्वीचा फोन — तरवा आणखी वाढला तर मशीन घेणार नाही. परवा मशीन तोंडवलीला जातंय.

२२ जून
नारळ घेऊन मीच देवळात गेले. माफी मागायची होती, आणि पुन्हा एकदा कौल लावा म्हणून गुरवाच्या पाया पडायचं होतं. तो बघतच राहिला. "पुन्ना म्हंजे? शंकर खंय इलो? शिमग्यापासून देवळाची पायरी चढूक नाय तो!"

आणि सुतक?

"माझ्याकडे? कोण मेलो गो?"

नारळ तिथेच ठेवून निघाले. देव बिचारा फुकट शिव्या खाऊन बसला!

२३ जून
विचारलं. भावोजींनी कोपरा शिमग्यातच विकलाय. हॉटेलवाल्याला. मला सांगायचा धीर झाला नाही म्हणे. पाऊस संपला की त्यात मातीचा भराव पडणार.

माझ्या कोपऱ्यात पाणी त्यांच्याच कोपऱ्यातून उतरतं. भराव पडला की माझाही कोपरा कोरडा. संध्याकाळी सगळा तरवा गायीला घातला.