वॉल्टर मैदानातून निघून गेला

मंगळवार संध्याकाळ, लंडन, ऑन्टॅरिओ

निवृत्त झालेला नावाजलेला कोच वॉल्टर, त्याला आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा सल्लागार म्हणून आणायचा हट्ट माझाच, क्रीडा विभागाची प्रमुख म्हणून. हेड कोच केविन आधीपासून धास्तावलेला. "मीनल, मुलं मग ऐकणार कोणाचं?" मी म्हटलं, तुझंच. तो नुसता बाजूला उभा राहील.

आज त्याची पहिली प्रॅक्टिस. केविन ओरडून सूचना देत होता आणि मुलं माना वळवून म्हाताऱ्याकडे बघत होती. पुन्हा खेळ, पुन्हा सगळ्या माना तिकडेच. केविनचा चेहरा पडला. काय करून बसले मी हे?

वॉल्टर मैदान सोडून आत गेला. मी मागोमाग गेले, तर लॉकर रूममध्ये एकटाच बसलेला. म्हणाला, "त्यांना केविनकडे बघायची सवय होऊ दे. तोवर मी बाहेर येत नाही."

पटलं. पण पुन्हा मैदानावर उभं राहायला मिळेल, एवढ्यासाठीच तर तो हो म्हणाला होता ना?

घरी पोचते तोच केविनचा फोन. "तो गेला कुठे? मला त्याला डिफेन्सबद्दल विचारायचं होतं."

"मग त्यालाच फोन कर," म्हटलं.

जेवण गेलं नाही. आत्ता दोघांनाही फोन करून पाहिला. दोघांचेही बिझी. एकमेकांशीच बोलत असू देत.