अक्का, ती उष्णता नव्हतीच!

प्रिय अक्का,

२३ जानेवारी, संध्याकाळचे पाच वाजून वीस मिनिटं. गुन्ह्याची वेळ पक्की लक्षात ठेवली आहे, कारण तुझ्या नणंदेला सोडायचा माझा विचार नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी आता कुठे पत्र लिहिते आहे. रागात मला नीट भांडता येत नाही गं! आज मजेत आहे, म्हणून बसले.

सर्जापूर रोडला तुझ्या अनघाच्या फ्लॅटवर संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तुझ्या वन्सं तिला बघून म्हणाल्या, “अगं बाई, किती बारीक झालीस! अगदी आईवर गेलीस. काय खातेस, सांग तरी.”

“सगळं खाते आत्या. चार चपात्या, वर भात.”

“नशीबवान गं बाई!”

नशीबवान! तुलाही हेच म्हणायच्या ना? पुरणपोळ्या हाणूनही तुझं वजन उतरायचं आणि तू खुशाल मिरवायचीस. डिसेंबरात तुझा पंखा पाचवर, भावजी दोन रजयांत. हात थरथरला की “रागीटच आहे”, घाम फुटला की “उष्णता झालीय, गुलकंद द्या.” किती बरण्या रिचवल्यास गं?

मग अनघा मला कुंकू लावायला वाकली. बोट थरथरलं, कुंकू भुवईवर! बायका खिदळल्या, “हेही आईसारखंच!” तुझं वाकडं कुंकू म्हणजे घराण्याचा विनोदच होता ना. मी तिचं मनगट धरलं. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर रोज आपली नखं तपासायच्या, नाडी बघायला काही शिकवलं नाही. तरी स्वस्थ उभ्या पोरीची नाडी अशी पळत नसते, एवढं मला कळलं.

“मावशी, कामाचा ताण आहे, बाकी काही नाही.”

“ते डॉक्टर सांगतील. उद्या सकाळी तयार राहा.”

रक्ताची एक साधी तपासणी, अक्का! एवढीच! कोरमंगलाच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं : गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली की सगळ्या शरीराचीच घाई सुरू होते. भूक वाढते, वजन मात्र उतरतं. घाम, थरथर, छातीत धडधड. वर्षानुवर्षं तसंच चालू दिलं तर हृदय थकतं.

मी तुझं सगळं सांगितलं, शेवटी हृदयानं दगा दिला तेही. बाई म्हणाल्या, “आता खात्रीनं नाही सांगता येणार. पण तिलाही हेच असू शकतं.” मग अनघाकडे वळून कानडीत हसल्या, “ओळ्ळेदायितु! बरं झालं, लवकर आलात.”

गोळ्या चालू आहेत, नाडी ताळ्यावर आली आहे. काल अनघा फोनवर ओरडली, “मावशी, तुझ्यामुळे एक कुडता धड बसत नाही मला!” अक्का, इतकं गोड भांडण मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. वन्सं तिला म्हणाल्या, “सुटलीस की गं.” मी म्हटलं, “दृष्ट लावू नका, मेहनतीनं सुटवलीय.”

वचन देते : यापुढे माझ्यादेखत कुणी विनाकारण वाळली, तर कौतुकाआधी तिची रक्त तपासणी होईल. गुलकंदवाल्यांचा समाचार मी वेगळा घेईन.

आता तू. तुझीही छाती धडधडत असणारच, मग मला का नाही सांगितलंस? के. आर. पुरमला तर राहत होते मी, रिक्षानं येण्याच्या अंतरावर! गौरी बसायच्या आत लेखी उत्तर हवं. स्वप्नात येऊन गोड बोललीस, तर ते धरलं जाणार नाही.

तुझी धाकटी,
कमल