सोड की ओढ

२ फेब्रुवारी १९७५, रविवार

माझ्या हातानं केलेलं, दुसऱ्या कुणाचा हात न लागता — नावेचा सांगाडा, सागवानी. तळाच्या फळ्या. डोलकाठी. शीड — तंबूचं कापड, शिलाई दुहेरी, मशीन हिचं पण पाय माझे. वल्ही दोन. बिजागऱ्या धरून सगळं लोखंडी सामान. सुकाणू.

यातलं सुकाणू आज मोडलं.

हिप्परग्याच्या तळ्याचं पाणी उतरायला लागलंय. काठाकडे येताना पाण्याखालच्या बाभळीच्या खोडात पातं अडकलं आणि बिजागरी मुळासकट उपटून आली. चूक माझी नव्हे, नकाशाची. रद्दीतल्या इंग्रजी मासिकातला नावेचा नकाशा. ज्यांच्याकडे बारा महिने पाणी तेवढंच राहतं त्यांनी काढलेला. आमचं तळं दिवाळीत समुद्र आणि शिमग्यात डबकं!

कासीम काठावर जाळं सुकवत होता. मासे धरतो, नाव त्याच्याच खोपटाशी बांधलेली असते. म्हणाला, "उस्ताद, चुक्काणी टूट गई की तुमारी!" हा शब्द त्यानं हिच्याकडून उचलला. हिचं माहेर दुधनी, सुकाणूला ती कन्नडात चुक्काणीच म्हणते. मी म्हटलं, नाव बरोबर आहे — चुकायचं तर नावातच आहे.

अण्णाराव पुढच्या महिन्यात नाव बघायला येणार. तळ्याकाठी मळा आहे त्यांचा, पाहुण्यांना फिरवायला हवी. नाव विकली गेली की मी जुना लेथ घेणार. लेथ आला की शेडला रामराम. वीस वर्षं दुसऱ्याचे यंत्रमाग दुरुस्त केले. पुरे!

४ फेब्रुवारी

उपाय सापडला. पातं घट्ट बसवायचंच नाही. दोन फळ्यांच्या मध्ये, एका बोल्टवर फिरतं ठेवायचं — अडकित्त्यासारखं.

त्याला दोऱ्या दोन. एक पात्याच्या मागच्या कडेला. ओढली की पातं पाण्याबाहेर. तिचं नाव ठेवलं चढती. दुसरी पुढच्या कडेला. ओढून खुंटीला बांधली की पातं खाली, आणि खालीच. ती उतरती. दोन्ही दांड्यावरून माझ्या हाताशी येणार. बसल्या जागेवरून, बोट न भिजवता!

मात्र क्रम पाळायचा. वर घेताना आधी उतरती सोडायची, मगच चढती ओढायची. नाहीतर दोघी जावांसारख्या एकमेकींना ओढत बसतील आणि पातं जागचं हलणार नाही.

५ फेब्रुवारी

ही हल्ली भांडी फार आपटते. नावेचा राग, दुसरं काय!

९ फेब्रुवारी

तुटक्या धोट्याचं लाकूड कापून दोन कप्प्या केल्या. असं लाकूड बाजारात मिळायचं नाही, गुळगुळीत, शिंगासारखं. दोऱ्या जेकार्ड मागाच्या, उत्तम पिळाच्या सुताच्या. घरी अंगणात दहा वेळा वर-खाली करून पाहिलं. लोण्यासारखं!

तळ्यावर नेलं तर तिसऱ्याच खेपेला अडकलं. सूत भिजून फुगलं. भोकातून जाईना, येईना. कासीम हसला. "नायलॉन लेव उस्ताद. मछली कू सूत नै चलता, तुमकू कैसा चलींगा?"

सोलापूरच्या माणसानं सुताला नावं ठेवून नायलॉन विकत घ्यायचं!

१० फेब्रुवारी

घेतलं. एकच रंग होता, हिरवा. चढतीच्या टोकाला लाल चिंधी गुंडाळली.

१३ फेब्रुवारी

ही म्हणते, तुमाला तीनदा सांगितलं, आज माझी बहीण येनार हाय म्हणून. एकदाही सांगितलेलं नाही. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. शेडमधली पोरं तर नुसते ओठ हलवतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

जमलं! उतरती सोडली, चढती ओढली — पातं मागं उचललं गेलं, नाव तशीच सरकत वाळूवर चढली. पुन्हा पाण्यात ढकलली, चढती सोडली, उतरती ओढून खुंटीला दोन वेढे दिले — पातं खाली, नाव माझ्या मुठीत. कासीमनं टाळी वाजवली. मी वाजवू दिली.

एकच अडचण. मागं बसलेल्याला पुढचे दगड दिसत नाहीत, शीड आड येतं. पुढच्या टोकाला एक माणूस बसून ओरडायला हवा. अण्णारावांचं ठीक, त्यांच्याकडे माणसांना तोटा नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोडलं. पुन्हा!

कासीम जाळ्याची भोकं सांधत बसला होता, त्याला उठवलं नाही. ही भाकरी घेऊन आली होती. म्हणाली, "मी बसते की पुढं. दगड काय मला दिसत न्हाईत?" काठावर धुणं धुणाऱ्या बाया हसल्या. कासीम म्हणाला, "भाबी, डूबे तो मैं जाळं टाकतूं, फिकर नक्को." हिनं पदर खोचला आणि बसली. पाण्यात जन्मल्यासारखी बसली, हे लिहायला हवं.

तिला दोन शब्द शिकवले. दगड दिसला की 'सोड' — म्हणजे मी उतरती सोडणार. मग 'ओढ' — म्हणजे चढती ओढणार. ती 'वढ' म्हणायला लागली. म्हटलं, 'वढ' नाही, 'ओढ'. शुद्ध बोल, पाण्यावर गोंधळ नको.

परत येताना वारा मागून होता, वेग चांगला. ही ओरडली — "ओढ!" मी चढती ओढली. येईना. उतरती खुंटीला तशीच बांधलेली, दोघी एकमेकींना ओढताहेत! ही पुन्हा ओरडली, मी आणखी जोरानं ओढली. मग दगड. डावी फळी उभी चिरली.

मी म्हटलं, अगं 'सोड' म्हणायच्या आधी 'ओढ' म्हणतेस? ही म्हणाली, "मी सोडच म्हनले. दोनदा म्हनले."

माझ्या कानांनी ऐकलंय म्हटलं!

नाव काठाला लागली. कासीम आला, फळी बघितली, माझ्याकडे बघितलं. "उस्ताद, मेरे कू हितं तलक सुनाई दिया. 'सोड' बोले भाबी. तुमकू कैसा नै सुनाई दिया?"

भाकरी खाल्ली नाही.

२४ फेब्रुवारी

फळी नवी रंधली. कासीम आणि ही एकमेकांचीच बाजू घेणार. दोघांचं कन्नड जमतं.

वारा होता. शीड फडफडत होतं.

२८ फेब्रुवारी

माग बिघडला की मी आधी मोजतो, मग बोलतो. गजराचं घड्याळ टेबलावर ठेवलं, मोजपट्टी लावली. शेजारच्या शेडची जेवणाची सुट्टी गाठली, तेवढा अर्धा तास गल्लीत खडखडाट नसतो.

उजवा कान — चौदा इंच. डावा — घड्याळ कानाला टेकवावं लागलं.

घड्याळ जुनं आहे. हिला हाक मारून विचारलं, तुला आतून टिकटिक येते का? ही चुलीपासून काहीतरी म्हणाली. कळलं नाही. मग बाहेर आली आणि मान हलवली. येते.

१ मार्च

आज शेडमध्ये लक्ष ठेवून पाहिलं. दिवसभरात माझ्याशी तोंडानं कुणी बोललंच नाही. बोट वर म्हणजे धागा तुटला, मूठ म्हणजे माग थांबवा, हात तोंडाशी म्हणजे चहा. मीही तसाच बोललो. वीस वर्षं सगळे असेच बोलतात, त्यात नवीन काय!

घरी आलो. चहा हवा होता. हात तोंडाशी नेला. हिनं चहा ठेवला.

२ मार्च, रविवार

हिनंच काढलं. "रीऽ, ते सोड-ओढ दोन्ही सारखंच वाजतंय. आपलं कन्नड बोलू की. बिडू अन एळी." बिडू म्हणजे सोड, एळी म्हणजे ओढ. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. शिवाय 'बिडू' म्हणताना ओठ मिटतात, 'एळी' म्हणताना उघडे राहतात. ती पुढं तोंड करून बसण्याऐवजी आडवी बसणार, म्हणजे तिला दगड दिसतील आणि मला शिडाखालून तिचे ओठ.

तिला ओठांचं कसं सुचलं, ते विचारलं नाही.

सात दगड चुकवले. कासीम काठावरून ओरडत होता, बिडू, एळी, बिडू, एळी — बैल हाकल्यासारखा.

९ मार्च, रविवार

अण्णारावांच्या आधीची शेवटची फेरी. दोऱ्या तपासल्या, कप्प्यांना मेण लावलं, खुंटीची कड कानशीनं मोडली. काहीही कुरकुरत नाही.

तळ्याच्या मध्यावर वारा पडला. शीड मेल्यासारखं लोंबलं. वल्ही काढायचा कंटाळा आला, तसेच बसलो. कुठं काही नाही. गल्ली नाही, माग नाहीत. पाणी फळीला लागत होतं, ते ऐकू येत होतं. हिच्या बांगड्याही.

ही बोलायला लागली. बहिणीच्या घरचं, मग दुधनीच्या विहिरीचं, लहानपणी त्यात उड्या मारायची ते. नावेत ती का घाबरली नाही, ते आज समजलं! मी विचारत होतो, ती सांगत होती. मग हसून म्हणाली, "तुमाला वाटत आसंल मी रागानं भांडी आपटते."

मग कशानं, म्हटलं.

"हाका मारून घसा बसला माझा. तीन वर्सं झाली. ताट वाढलं की परात आपटते, तवा तुमी येता."

शेडातली मूठ, बोट, हात मला पाठ आहेत. परात पाठ नव्हती. तरी मी जेवायला वेळेवर जात होतो.

तासभर वारा आला नाही. एकदाही मी 'काय?' म्हटलं नाही. हे मी आत्ता लिहिताना मोजलं.

१६ मार्च, रविवार

अण्णाराव आले. शुभ्र धोतर, पायात मोजे. पुढं ही बसली, मध्ये ते, मागं मी. दगडांतून नेलं, उथळातून नेलं, वाळूवर चढवली. पातं त्यांच्या डोळ्यांदेखत वर आलं. त्यांनी दोन्ही दोऱ्या स्वतः ओढून पाहिल्या, पोरासारख्या. म्हणाले, "सिद्धाप्पा, हे डोकं कुठून आणलं हो?" मग आकडा बोलले. मी धरला होता त्यापेक्षा वरचा. म्हटलं, उद्या सांगतो.

त्यांना काय सांगायचं ते उद्या बघू! ही शीड घडी करत होती. चार वेळा केली, चार वेळा उलगडली.

१७ मार्च

शेडवरून परस्पर अण्णारावांकडे जाऊन आलो. नाव देत नाही म्हटलं. हवी तर दुसरी बांधून देतो, वर्ष लागेल. त्यांना हीच नाव हवी. त्यांनी कारण विचारलं. तळ्यावर हिचं बोलणं मला ऐकू येतं, हे काही सांगता आलं नाही. लेथ दुसऱ्याला जाईल.

बत्तीसशे देत होते.