चपलांच्या कपाटातलं मोहोळ

सोमवार, सकाळ

प्रिय चिझुरू,

तुला, तुझ्या खुब्याला आणि त्यात बसवलेल्या नव्या खिळ्यालाही माझा नमस्कार. इकडे मी खुशाल आहे, नाक तेवढं सोडून. त्याचं पुढे येईलच. तू काठी घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालतेस, असं कानाए फोनवर म्हणाली. ऐकून फार बरं वाटलं. मग ती म्हणाली की महिनाअखेर आईला दवाखान्यातून थेट माझ्याकडेच आणते, नवव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, आणि बाबा, तुम्हीही या, बेटावर एकटे काय करता? मी म्हटलं, मधमाशा आहेत ना. त्यावर आपल्या लेकीनं अगदी तुझ्यासारखा सुस्कारा टाकला. (तू अजून होकार दिलेला नाहीस, असंही ती म्हणाली. त्यापुढचं मला ऐकूच आलं नाही.)

तर माशांचं. दवाखान्यातून तू कॅलेंडरच्या पानावर लिहून पाठवलेल्या सूचना मी त्याच दिवशी फ्रीजच्या दाराला चिकटवल्या. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस कागदावर असेल ते शब्दशः पाळतो. पण पान तू दोन्ही बाजूंनी लिहिलं होतंस आणि मी ते डिंकानं चिकटवलं. पेटीकडे जाण्याआधी केळं खाऊ नये, त्या वासानं माशा चवताळतात, हे नेमकं मागच्या बाजूला होतं, नंतर एक कोपरा उचकटल्यावर दिसलं. मी केळं खाऊन गेलो. शेजारच्या अबिरू आजी कुंपणापाशी उभ्या राहून माझं नाक न्याहाळत म्हणाल्या, "काय हो जावईबापू, शेहेचाळीस वर्षं झाली या घरात येऊन, अजून माशांना तुमची ओळख पटली नाही होय?" (घरची लेक बाहेर आणि घरजावई एकटा घरात, हे गावात माझ्याआधी कुणाच्या वाट्याला आलं नसेल.)

पुढच्या बाजूचंही ऐक. ‘रोज उघडून बघू नका, कंटाळून निघून जातात’ यातल्या ‘रोज’खाली तू तीन रेघा मारल्या होत्यास, म्हणून मी दिवसाआड बघत होतो. एका सकाळी पाण्याच्या टाकीमागची पेटी रिकामी. तुझ्या वडिलांनी ओंडका पोखरून केलेली ती पेटी. मी तिथेच दगडावर बसलो आणि काय सांगू, रडलो. माशा गेल्याचं दुःख होतंच, पण तू आल्यावर पहिली तिथेच जाशील, हेही डोक्यात होतं.

मग मी इरेला पेटलो. डोंगरावर तीन रिकाम्या पेट्या मांडल्या, पावसापाण्यात मुरलेल्या, आतून मेण चोळलेल्या, पूर्वेकडे तोंड केलेल्या, सगळं तुझ्या कागदाबरहुकूम. तुझ्या बाबांनी नव्या पेटीसाठी म्हणून पडवीबाहेर टाकून ठेवलेला देवदाराचा ओंडका उरला होता. त्याचा मी दारातल्या पायरीपाशी, तू जिथे घसरलीस तिथे, हाताला धरायला दांडा केला. दुसरा न्हाणीघरात. लाकडाची कूस हातात जाऊ नये म्हणून दोन्हींवर भरपूर मेण घासलं. (सूचना पेट्यांसाठी होती, ठाऊक आहे. पण हात तुझा आहे.) दुसऱ्याच दिवशी दोन-चार माशा येऊन दारातला दांडा हुंगू लागल्या. मला वाटलं, माझं सुतारकाम बघायला आल्या. मी त्यांना दाखवलंसुद्धा, हा खिळा बघा, तो सांधा बघा. त्यांनी ते जाऊन सगळ्यांना सांगितलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी दुपारी अख्खं मोहोळ घोंगावत आलं, दांड्यावरून सरळ आत शिरलं आणि चपलांच्या उघड्या कपाटात, तुझ्या गमबुटांच्या वरच्या फळीला लटकलं. डोंगरावरच्या तीन पेट्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून मी मागच्या दारानं ये-जा करतो, न्हाणीघरातल्या सपाता घालून. पोस्टातला माझा जुना सोबती दारापर्यंत येत नाही. कानाएचं कार्ड त्यानं रस्त्यावर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यामुळे लिफ्टचं आता सगळ्या आळीला माहीत आहे. मोहोळाला हात लावायची माझी छाती नाही आणि अक्कलही नाही. हे काम तुझंच. डॉक्टरांना विचार, दोन दिवस सोडतात का. सध्या समुद्र अगदी शांत आहे, बोट हलतसुद्धा नाही.

जेवणाची काळजी करू नकोस. मिसोचं सूप मला आता येतं. काल त्यात मिसो घालायलाही विसरलो नाही.

तुझा,
ताकेहारू

ता. क. – कानाएनं पत्र मागितलं तर केळ्यापर्यंतच वाचायला दे.

ता. क. दुसरा – आज गुरुवार. पत्र टाकायचं राहिलं आणि आता खरं सांगायला हवं. मंगळवारी संध्याकाळी माशा परतल्यावर अबिरू आजी आल्या. त्यांनी मोहोळावर रिकामी पेटी धरली, खालून मऊ कुंचल्यानं हलकेच लोटलं, आणि माशा आपणहून वरच्या अंधारात चढून गेल्या. वीस मिनिटांचं काम. पेटी आता डोंगरावर आहे आणि माशा तिथे रमल्या आहेत. "झालं, जावईबापू. आता ते पत्र फाडा," असं आजी म्हणाल्या; पत्राचं मीच त्यांना सांगितलं होतं. मला फाडवेना. कपाट पुसून तुझे गमबूट जागेवर ठेवले आहेत. दारातल्या दांड्यावर मी रोज सकाळी एक पाय उचलून सगळा भार टाकून बघतो. हलत नाही.

ता. क. शेवटचा – तू म्हणशील तर नवव्या मजल्यावरही येईन. तुझ्याशिवाय घरजावई कसला? पण होकार देण्याआधी एकदा घरी येऊन तो दांडा धरून बघ, एवढंच मागणं आहे. फ्रीजवरचं पान मी आता वाफ देऊन पूर्ण सोडवलं. मागच्या बाजूला शेवटी तू लिहिलं आहेस, ‘जागा नीट करून ठेवा, मग त्यांच्या मागे लागू नका.’ म्हणून मी तुला रोज फोन करत नाही. दिवसाआड करतो.